एक गज आणि एक अंगठा

मित्रांनो, मी एक जुना गज आहे. गज म्हटल्यावर ज्यांच्या डोळ्यांपुढे सोंड हलवत हत्ती उभा राहिला, त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. तीच चूक माझ्याकडूनही झाली होती, आणि तेव्हा माझं वय तुमच्यापेक्षा पुष्कळ जास्त होतं. मी कापड मोजायचा लोखंडी गज. आज मी जिथे उभा आहे तिथे तुम्ही मला रोज पाहता, दप्तरं अडकवता, कधी ओल्या हातानं धरता, पण मी कोण हे तुम्हाला ठाऊक नाही. ठाऊक नव्हतं तेच बरं होतं. पण आज सांगतो.

आपली कहाणी सांगायला बसलं की जो तो आपली थोरवी सांगतो. जुनी छत्री सांगते की मी किती जणांना भिजू दिलं नाही, जुना कंदील सांगतो की माझ्या उजेडात किती जण शिकले. माझ्यापाशी तसलं काही नाही. माझ्यापाशी आहे ती लाज, आणि लोखंडाला लाज वाटली तरी ते लाल होत नाही. म्हणून कुणाला कळत नाही एवढंच.

माझा जन्म बीबी गावातल्या एका लोहाराच्या भट्टीत झाला. बैलगाडीच्या चाकावर लोखंडाची जी धाव असते, तसली एक झिजलेली धाव तोडून त्यानं मला घडवलं. देऊळगाव राजाच्या एका कापड दुकानदारानं मला बनवून घेतलं. त्यानं जालन्याहून शिक्का मारलेला पक्का गज सोबत आणला होता. तो माझ्याशेजारी ठेवला, नखानं दोन्ही टोकं चाचपली, आणि तो म्हणाला, "बराबर." मी पुरा छत्तीस इंच होतो. तीळभर कमी नाही की तीळभर जास्त नाही. हे सांगताना मला अजून बरं वाटतं, कारण पुढे असं सांगण्यासारखं काही येणार नाही.

त्या दुकानदाराच्या मागे दुकान त्याच्या मुलाकडे आलं. त्याचं नाव अब्दुल गनी, पण सगळं गाव त्याला गनीभाई म्हणे. बालाजीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते दुकान होतं. समोर दगडी ओटा, आणि ओट्यावर पुंजाजी शिंप्याची मशीन. दुकानात कापड घ्यायचं आणि चार पावलांवर शिवायला टाकायचं, अशी सोय होती. पुंजाजी आणि गनीभाई बरोबरीच्या वयाचे. चहा एकाच कपातून बशीत ओतून अर्धा अर्धा प्यायचे. बोलणं फारसं नसे. एकाची कात्री आणि दुसऱ्याचा गज, एवढाच आवाज दिवसभर असायचा.

एका वर्षी बालाजीच्या यात्रेला एक महंत हत्ती घेऊन आला. हत्तीच्या पाठीवरची झूल फाटली होती, ती नवी करायची होती. गनीभाई मला घेऊन स्टुलावर चढला आणि हत्तीची पाठ मोजू लागला. बाजार गोळा झाला. गर्दीतून कुणी तरी ओरडलं, "पाय बे, गजानं गज मोजून राह्यले!" सगळे खो खो हसले. हत्तीसुद्धा कान हलवून हसल्यासारखा दिसला. हसलो नाही तो एकटा मी, कारण मला ते खरंच वाटलं. हत्तीलाही गज म्हणतात? म्हणजे आम्ही एका घरचे! धावेच्या लोखंडाचा मी, त्या दिवसापासून थेट हत्तीच्या कुळात जाऊन बसलो. कात्री, खडू, पुंजाजीचा तो चिंधीसारखा टेप, सगळे मला हलके वाटू लागले. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात, ते माझ्यासारख्याला बघूनच म्हटलं असेल.

पुढे थोड्याच दिवसांत माझं नशीब फिरलं. गनीभाई दर आठवड्याला कापडाचे गठ्ठे गाडीत घालून बीबीच्या बाजाराला जाई. एकदा वाटेत ओढ्यापाशी चाक डुगडुगायला लागलं. चाक निसटू नये म्हणून आखात जी खीळ घालतात ती कुठे तरी पडली होती. सूर्य कलला होता, गाडीत माल होता. गनीभाईनं इकडे तिकडे पाहिलं आणि मलाच त्या भोकात ठोकलं. दोन कोस मी चाक धरून ठेवलं. बीबी दिसू लागलं तेव्हा गाडी एका दगडावर आदळली आणि माझं टोक तुटून धुळीत पडलं. तेवढं एक काम मी चांगलं केलं असं म्हणता येईल, पण त्यातच मी बाद झालो.

लोहार म्हणाला, "जोड देतो ना गनीभाई. पण जोड दिसल."

"जोडाचा गज पाह्यला तर गिऱ्हाईक काय म्हनन?" गनीभाई म्हणाला. "म्हनन, यानंच कापला आन् यानंच जोडला." त्यानं मला हातात फिरवलं. बापाच्या हातचा गज, टाकवेना. मग त्यानं आपला उजवा अंगठा माझ्या तुटक्या टोकाला आडवा लावून पाहिला. जेवढं तुटलं होतं तेवढाच अंगठा. लोहारानं टोक कानशीनं सारखं केलं आणि गोष्ट तिथे मिटली.

त्यानंतर गनीभाईनं कापड मोजलं की माझ्या टोकाशी अंगठा ठेवायचा आणि अंगठ्याच्या पलीकडे खडूची खूण करायची. पुढचा गज त्या खुणेपासून. अशी पंधरा वर्षं गेली. एक गज आणि एक अंगठा, एक गज आणि एक अंगठा. लोकांना वाटे हा अंगठाभर जास्त देतो. बाया कौतुकानं म्हणत, "गनीभाईच्या दुकानात अंगठा मिळते." तो मान हलवून म्हणे, "जादा नाई बाई, हक्काचा हाय." त्यांना तो त्याचा नम्रपणा वाटे. खरी गोष्ट त्यानं कुणालाच सांगितली नाही. बायकोला नाही, पुंजाजीला नाही. आपला गज मोडका आहे हे बोलायची त्यालाही लाज वाटत होती, आणि अंगठ्यानं काम भागत होतं.

आणि माझं काय? मित्रांनो, मला तो अंगठा नकोसा होता. उन्हाळ्यात घामानं चिकट, हिवाळ्यात भेगाळलेला. हत्तीच्या कुळातल्याला अंगठ्याचा टेकू लागावा, याचा मला राग येई. हा अंगठा एकदाचा निघून जावा असं मी रोज मनात म्हणायचो. मी हे म्हणत होतो, हे आज कबूल करतो.

तो गेला. एका थंडीत सकाळी दुकानाची फळी उघडताना गनीभाई खाली बसला तो उठलाच नाही. अर्धांग झालं. उजवी बाजू गेली आणि जीभ गेली. मुलगा वाहेद जालन्याला मावशीकडे राहून शिकला होता, तिथेच कामाला लागला होता. तो परत आला आणि गादीवर बसला.

वाहेद मुलगा सरळ होता. जरा जास्तच सरळ. मापात पाप करायचं नाही, असं तो पहिल्याच दिवशी मोठ्यानं म्हणाला आणि ते खरं करून दाखवायचं म्हणून मला कापडावर अगदी ताठ धरू लागला. टोकाला खडू, टोकालाच खूण. एका म्हातारीनं विचारलं, "अंगठा कुठं गेला रे बाबू?" तो म्हणाला, "मावशी, गज म्हंजे गज. ना कमी, ना जास्त. मी फुकटचं देत नाई आन् कोनाचं घेत बी नाई." म्हातारीला ते पटलं. लोक म्हणाले, बाप दिलदार होता, मुलगा चोख आहे. चोख! मी पस्तीस इंचाचा, आणि लोक मला पुरा समजून मान देत होते. मला माहीत होतं. मी खूश होतो. ज्या अंगठ्याचा टेकू मला नको होता तो गेला, आणि कुणाला काही कळलंही नाही.

एकाला कळत होतं. वाहेद रोज सकाळी बापाला उचलून दुकानात आणून बसवायचा. करमावं म्हणून. वाहेदनं गज टाकला की म्हाताऱ्याचा डावा हात वर जायचा. डावाच तेवढा चालत होता. मूठ मिटलेली आणि अंगठा उभा. तोंडानं "आं, आं" करायचा. आपल्याकडे अंगठा तोंडाकडे नेला की पाणी, हे लहान मूलही सांगेल. वाहेद धावत पाण्याचा पेला आणायचा आणि बापाच्या ओठाला लावायचा. बाप पाणी प्यायचा, कारण दुसरं करणार काय? पुढचा गज पडला की पुन्हा अंगठा. "आत्ताच तं पाजलं अब्बा," वाहेद म्हणायचा आणि पुन्हा आणायचा. चिडायचा नाही कधी. शाळेतून घरी जाणारी पोरं मात्र ओट्याखाली उभी राहून हसत. "बुढा ठेंगा दाखोते रे!"

दीड वर्षात तो म्हातारा किती पाणी प्याला असेल, हे आठवलं की मला अजून कसंसंच होतं.

मग तो एप्रिल आला. एक मेला आपलं नवं राज्य होणार होतं. तालुक्याच्या शाळेत मोठी तयारी चालली होती. सकाळी प्रभातफेरी निघणार, पुढे तीस मुली पांढरी पोलकी घालून गाणं म्हणत जाणार, असं ठरलं. गुलाबराव नावाचे मोठे जमीनदार होते, त्यांनी कापड द्यायचं कबूल केलं. पुंजाजीनं हिशेब सांगितला, पोलक्याला दीड गज, तिसाला पंचेचाळीस गज. तो शिलाई घेणार नव्हता. त्या तिसांत त्याची नात विमल होती. गाणं शिकवणाऱ्या वामन गुरुजींनी तिला पहिल्या ओळीत मध्ये ठेवलं होतं, कारण गाणं ती उचलायची आणि बाकीच्या तिच्यामागे म्हणायच्या.

गुलाबराव स्वतः दुकानात येऊन बसले. त्यांच्या डोळ्यांदेखत वाहेदनं मांजरपाटाचे पंचेचाळीस गज मोजले. पंचेचाळीस वेळा मी त्या पांढऱ्या कापडावर आडवा झालो आणि पंचेचाळीस वेळा कोपऱ्यात बसलेल्या म्हाताऱ्याचा अंगठा वर गेला. शेवटी वाहेदनं भरलेला तांब्याच बापापाशी ठेवला.

पुंजाजीनं ते कापड टेप लावून मोजलं नाही. त्याच्या मते गनीभाईच्या दुकानाचं कापड मोजणं म्हणजे आईनं वाढलेली भाकर मोजण्यासारखं होतं. तो कापत गेला. एकोणतीस पोलकी झाली आणि हातात वीतभर तुकडा राहिला. त्यानं तो उलटा केला, सुलटा केला, मशीनखाली पाहिलं, मांडीखाली पाहिलं. एकोणतीस पोलकी त्यानं मुलींच्या नावानं बांधून ठेवली. जे राहिलं ते विमलचं. दुसऱ्याच्या लेकीचं कसं ठेवणार?

गुलाबराव आले आणि ओट्यापाशी उभे राहिले. "माह्या डोळ्यानं मोजून घेतलं, पुंजाजी. पंचेचाळीस गज. एक पोलकं गेलं कुठं?"

"मालक, माह्या कात्रीची चूक झाली असन," पुंजाजी म्हणाला.

"शिंप्याच्या कात्रीले पोट राह्यते म्हनतात," मागून कुणी तरी म्हणालं. लोक हसले. दुसरा म्हणाला, "नातीचंच बाकी ठिवलं म्हंजे कोनी बोलाले नको. घरी शिवन मंग चांगलं दोन गजाचं."

पुंजाजीनं वाहेदकडे पाहिलं. लहानपणी या वाहेदच्या चड्ड्या त्यानंच शिवल्या होत्या. वाहेद खाली बघत म्हणाला, "काका, मी समद्यायसमोर मोजून देल्लं. गज काही खोटं बोलत नाई."

मित्रांनो, हे वाक्य माझ्याबद्दल होतं. आयुष्यात माझी एवढी मोठी तारीफ कुणी केली नव्हती. आणि त्याच वेळी पुंजाजी आपली मशीन डोक्यावर घेऊन ओटा उतरत होता. बावीस वर्षं तो त्या ओट्यावर बसला होता. जिथे मशीन होती तिथे दगडावर चार गुळगुळीत ठसे तेवढे राहिले. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की मी भट्टीत पुन्हा वितळून जावं. पण ते वाटून काय उपयोग? माझ्याजवळ जीभ नाही. ज्याला सांगायचं होतं त्याच्याही जवळ नव्हती, पण तो निदान हात तरी वर करत होता.

एक मेच्या सकाळी प्रभातफेरी दुकानासमोरून गेली. पुढे झेंडा, मागे मुली. पांढरीशुभ्र पोलकी उन्हात चमकत होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं. विमल सगळ्यांत शेवटी होती. तिच्या अंगात विटकं जांभळं पोलकं होतं आणि एका बाहीला ठिगळ होतं. गुरुजींनी तिला मागे जा म्हटलं नव्हतं, ती आपणच गेली होती. गाणं नीट उचललं जात नव्हतं. पुढच्या मुली मागे वळून वळून बघत होत्या, पण ती ओठ नुसते हलवत होती.

म्हाताऱ्यानं तिला पाहिलं. त्याचा अंगठा वर गेला. वाहेदनं सवयीनं पेला पुढे केला. म्हाताऱ्यानं तो उडवून दिला. पितळी पेला ओट्यावरून खणखणत रस्त्यावर गेला. "आं! आं!" म्हणून तो गादीवरून पुढे झुकला आणि तोल जाऊन माझ्या अंगावर पडला. पडल्या पडल्याच त्यानं डावा अंगठा माझ्या तुटक्या टोकाला लावला आणि दाबून धरला. वाहेद त्याला उचलायला लागला तर तो सोडेना.

आवाज ऐकून वाहेदची आई नूरबी आतून आली. "काय झालं रे?"

"पानी सांडलं अब्बानं. दुसरं आनतो."

नूरबी नवऱ्याच्या हाताकडे बघत राहिली. "पानी नाई मांगून राह्यले ते," ती हळूच म्हणाली. "दीड साल झालं, आपन पानीच पाजून राह्यलो. तू जालन्याले होता, म्या पाह्यलं हाय. कपडा मोजताना हे अस्साच अंगठा ठिवत."

"ते जादा द्याले ठिवत, अम्मी."

"जादा नाई. हक्काचा हाय म्हनत. रोज म्हनत. कोनाचा हक्क, कायचा हक्क, म्या बी कधी इचारलं नाई."

वाहेदनं बापाकडे पाहिलं. म्हातारा रडत होता आणि मान हलवत होता. वाहेदनं मला उचललं आणि तो अनवाणीच पुंजाजीच्या घरी गेला. पुंजाजी दाराशी बसला होता. फेरीला गेला नव्हता. वाहेदनं टेप मागितला तर तो म्हणाला, "गनीभाईच्या गजाले टेप लावू? पाप लागन बाबू." शेवटी खुंटीवरचा टेप वाहेदनंच काढला. ज्या टेपला मी चिंधी समजत होतो, तो माझ्या अंगावरून सरकत गेला आणि पस्तीसवर थांबला. वाहेदनं पुन्हा लावला. पुन्हा पस्तीस. तिसऱ्यांदाही पस्तीसच.

पुंजाजीच्या सगळं लक्षात आलं. त्यानं टेप गुंडाळून बाजूला ठेवला. मग म्हणाला, "नको बोलू कोनाले. उद्या जालन्याहून नवा गज आन. दुकान बुडन तुह्यं, आन् गनीभाईचं नाव जाईन. माह्यं काय, मी म्हतारा मानूस. चार दिवसानं इसरतील लोक."

मी वाहेदच्या हातात होतो. तुम्हाला खरं सांगू? त्या क्षणीसुद्धा मला वाटलं, ऐकावं त्यानं. नको बोलू दे. एवढी लाज वाटूनही मला मनातून लपायचंच होतं.

वाहेद उठला तो सरळ शाळेच्या पटांगणात गेला. भाषणं चालली होती. तो गर्दीतून वाट काढत पुढे गेला आणि मला दोन्ही हातांवर आडवा धरून उभा राहिला, एखादं आजारी जनावर आणावं तसा. "माह्या दुकानाचा गज एक इंच कमी हाय," तो म्हणाला. मागपर्यंत ऐकू गेलं नाही म्हणून त्याला ते दुसऱ्यांदा म्हणावं लागलं. "दीड सालापासून मी समद्यायले कमी देल्लं. मले मालूम नव्हतं, पन देल्लं मीच. पुंजाजीकाकानं कापड खाल्लं नाई. ते पोलकं ह्या गजानं खाल्लं."

मग जे व्हायचं ते झालं. कुणी शिव्या दिल्या. कुणी म्हणालं, दीड वर्ष लुटलं आणि आता साळसूद झाला. गुलाबराव पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभे राहिले. एक म्हातारा कपाळाला हात लावून म्हणाला, "गज म्हंजे गणपतीचं रूप, तोच खोटा निघाला तं मानसानं कोनावर भरोसा ठिवावा?"

वामन गुरुजींना कुठला शब्द तसाच सोडवत नसे, मग प्रसंग कोणताही असो. ते चष्मा सावरत म्हणाले, "नाही हो, तो गज वेगळा. हत्ती तो संस्कृतातला. हा मोजायचा गज फारसीतला, व्यापाऱ्यांच्या गाठोड्यातून आपल्याकडे आला. दिसायला एक, पण एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. आडनाव एक म्हणून कुणी भाऊ होत नाही."

एवढ्या रागातही दोन-चार माणसं हसली. मित्रांनो, इंच गेला तेव्हा मला जेवढं वाईट वाटलं नव्हतं तेवढं तेव्हा वाटलं. ज्या कुळाच्या तोऱ्यात मी तो अंगठा नाकारला, ते कुळ माझं कधी नव्हतंच. पण गुरुजींच्या बोलण्यातलं आणखी एक मला फार उशिरा कळलं. फारसीतला गज काही कमी प्रतीचा नव्हता. किती मुलखांतून, किती बाजारांतून तो लोकांचा विश्वास सांभाळत आला होता. मी त्याचाच होऊन राहिलो असतो तरी माझी मान वर राहिली असती.

दुसऱ्या दिवसापासून लोक दुकानात आले. वाहेद ज्याला त्याला विचारी, "किती गज नेलं होतं?" आणि सांगतील तेवढे अंगठे मोजून कापड फाडून देई. काही जणांनी नेलं त्याच्या दुप्पट सांगितलं, ते तो समजत होता, पण बोलला नाही. पुष्कळ जण मात्र नुसतेच येऊन बसले आणि चहा पिऊन गेले. पुंजाजीची मशीन वाहेदनं स्वतः डोक्यावर घेऊन ओट्यावर आणून ठेवली. गुलाबरावांनी माफी मागितली नाही. तसली माणसं मागत नाहीत. त्यांनी मुलीच्या लग्नाचे सगळे कपडे पुंजाजीकडे शिवायला पाठवले. पुंजाजीनं ते शिवले, पण पूर्वी तो मशीन चालवताना गुणगुणायचा, ते मी पुन्हा ऐकलं नाही.

विमलचं पोलकं झालं. दीड गज आणि दोन अंगठ्यांचं, कारण वाहेदनं अर्ध्यालाही पुरा अंगठा दिला. ती ते घालून शाळेत गेली तेव्हा एक मे होऊन आठवडा झाला होता. बाकीच्या मुलींनी आपली पोलकी धुऊन ठेवून दिली होती. सगळ्या रंगीत आणि ही एकटी पांढरी. प्रभातफेरी काही पुन्हा निघाली नाही.

गनीभाई त्या पावसाळ्यानंतर गेला. शेवटचे महिने त्यानं एकदाही अंगठा वर केला नाही. पाणी हवं असलं तरी नाही. त्याच्या कफनाचं कापड वाहेदनं माझ्यानंच मोजलं, आणि दर गजाला आपला अंगठा ठेवला.

पुढे मीटर आले. जुने गज बाजारातून बाद झाले. मी तसाही बादच होतो. शाळेला नवी खोली बांधत होते, गुरुजींनी खिडकीसाठी लोखंड मागितलं आणि वाहेदनं मला दिलं. सुतार म्हणाला, "हा एक अंगठा कमी पडते," आणि खालच्या भोकात त्यानं लाकडाची पाचर ठोकली. होय मित्रांनो, खिडकीच्या सळईलाही गजच म्हणतात. तुमच्या वर्गाच्या खिडकीतला डावीकडून तिसरा गज, तो मी.

चौदा-पंधरा वर्षं झाली त्याला. माझी एकच विनवणी आहे. तुमच्यात काही कमी असेल तर ते सांगून टाका, लवकर सांगा, उशीर झाला की त्याची किंमत भलताच कुणी तरी देतो. आणि घरात एखादा न बोलणारा म्हातारा हात वर करत असेल, तर पाणी द्या, जरूर द्या, पण पाणी देऊन झाल्यावर तो हात खाली येतो की नाही तेही पाहा.

ती पाचर गेल्या उन्हाळ्यात सुकून पडली. तेव्हापासून वारा आला की मी खडखडतो. तुम्हाला नवीन बाई आल्या आहेत, विमलबाई. पुंजाजीची नात. परवा त्या गाणं शिकवत होत्या आणि माझ्या खडखडाटानं तुम्ही सुरात चुकत होता. त्या गात गातच खिडकीपाशी आल्या. मला पाहिलं. खालचं मोकळं भोक पाहिलं. जरा वेळ थांबल्या, आणि मग त्यांनी आपला अंगठा माझ्या तुटक्या टोकाखाली सरकवला.

मी गप्प झालो. गाणं त्यांनीच उचललं. शेवटच्या ओळीपर्यंत तो अंगठा तिथे होता, आणि या वेळी मी तो जाऊ नये असं म्हणत होतो.